सात-बेचाळीसचा गृहस्थ

ब्रिटिश समाजाच्या अभ्यासात राजघराणे, संसद, क्रिकेट आणि चहा यांना जे महत्त्व मिळाले, ते लंडनच्या आसपासच्या गावांतून रोज सकाळी आगगाडीने कामावर जाणाऱ्या आणि संध्याकाळी त्याच वाटेने परतणाऱ्या चाकरमान्याच्या वाट्याला फारसे आले नाही. वास्तविक संकोच, सोशिकता आणि कुरकुरण्याचे कसब ही या समाजाची तिन्ही लक्षणे एकाच देहात, एकाच फलाटावर आणि तीही ठरलेल्या मिनिटाला पाहावयाची असतील, तर त्याच्याइतका सोयीचा नमुना दुसरा नाही. हा मनुष्य वोकिंग, सर्बिटन, सेव्हनोक्स किंवा हेवर्ड्स हीथ अशा एखाद्या गावी राहतो, वॉटर्लू, चेरिंग क्रॉस किंवा व्हिक्टोरिया स्थानकात उतरतो आणि मुंबईच्या चाकरमान्याप्रमाणेच आपली ओळख आडनावावरून न सांगता गाडीच्या वेळेवरून सांगतो. म्हणून येथे त्याला 'सात-बेचाळीसचा गृहस्थ' म्हटले आहे. हा प्रकार स्त्रियांतही तितकाच आढळतो आणि पुल्लिंग केवळ व्याकरणाच्या सोयीने योजले आहे, एवढा खुलासा पुरे.

या गृहस्थाचे पहिले लक्षण म्हणजे फलाटावरील त्याची जागा. गाडी थांबल्यावर दार नेमके कोठे येईल हे त्याला वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाने ठाऊक असते, आणि एखादा खांब, फरशीवरचा एखादा डाग किंवा पिवळ्या रेषेचा उडालेला रंग अशी खूण धरून तो तेथे उभा राहतो. एखादा परगावचा मनुष्य अजाणता त्या खुणेवर येऊन उभा राहिलाच, तर तो त्याला हटकत नाही, फक्त त्याच्या मागे वीतभर अंतरावर उभा राहून त्याच्या मानेकडे दुःखाने पाहत राहतो. त्याच्या शेजारच्या खुणेवर दुसरा गृहस्थ उभा असतो. या दोघांच्या परिचयाची वाढ भूगर्भशास्त्रीय वेगाने होते. पहिल्या वर्षी ते एकमेकांकडे पाहत नाहीत. दुसऱ्या वर्षी पाहतात, पण आपण पाहिले हे दुसऱ्याला कळू नये म्हणून इंडिकेटरवरील अक्षरे नव्याने वाचू लागतात. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास हनुवटी किंचित खाली जाते, आणि या हालचालीला नमस्काराचा दर्जा मिळण्यास आणखी एक हिवाळा जावा लागतो. सामाजिक मानववंशशास्त्रज्ञ केट फॉक्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वॉचिंग द इंग्लिश' या पुस्तकात आगगाडीतील या मौनाची आणि हवामानाच्या गप्पांची दखल घेतली आहे. हवामानावरचे बोलणे हे हवामानाविषयी नसून परक्या माणसाशी बोलण्याचा संकोच ओलांडण्याचा तो एक मान्य संकेत आहे, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. त्यात भर घालावयाची ती इतकीच की, सात-बेचाळीसच्या गृहस्थाच्या बाबतीत हा संकेत संकोच ओलांडण्यासाठी जितका वापरला जातो, तितकाच तो शाबूत ठेवण्यासाठीही वापरला जातो. शेजारच्या गृहस्थाचा खोकला, त्याचे बूट, शब्दकोडे सोडवताना पेन दाताखाली धरण्याची त्याची सवय हे सारे त्याला परिचित असते. त्याचे नाव मात्र ठाऊक नसते, आणि इतक्या वर्षांनंतर ते विचारणे म्हणजे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी बायकोला तिचे गोत्र विचारण्यासारखे होईल म्हणून ते पुढेही कधी कळत नाही.

हा गृहस्थ बाराही महिने प्रवास करीत असला तरी त्याच्या वाणीला खरा बहर येतो तो पानगळीत. उन्हाळ्यात उकाड्याची तक्रार असते, परंतु ती जेमतेम पंधरवडा टिकते आणि तेवढ्यात पाऊस येऊन तिचा निकाल लावतो. वसंत ऋतू सुखाचा असल्याने संभाषणाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. कडाक्याच्या हिवाळ्यात मफलर तोंडावर आलेला असतो. सप्टेंबर ते डिसेंबर हे महिने मात्र तक्रारीला पोषक असतात, कारण या काळात हवा पुरेशी वाईट असते पण बोलता येणार नाही इतकी वाईट नसते, दिवस डोळ्यांदेखत लहान होतात, आणि रेल्वेही आपल्या परीने हातभार लावते. अठराव्या शतकात कोशकार सॅम्युअल जॉन्सन यानेही 'आयडलर' या आपल्या निबंधमालेत १७५८ साली इंग्रजांच्या हवामानावर बोलण्याच्या सवयीचा समाचार घेतला होता, म्हणजे हे व्यसन आगगाडीपेक्षा जुने आहे. आगगाडीने त्याला फक्त वेळापत्रक दिले.

या संभाषणाची रचना काटेकोर असते. त्यातील वाक्यांना बहुधा कर्ता नसतो, 'तुम्ही' हे सर्वनाम त्यांत शक्यतो येत नाही, आणि वाक्याच्या शेवटी 'नाही का' या अर्थाचे एक शेपूट जोडलेले असते. 'जरा गारठा आलाय, नाही का,' असे पहिला गृहस्थ म्हणतो. 'आलाय खरा,' असे दुसरा म्हणतो. 'निदान कोरडं तरी आहे,' असे पहिला पुस्ती जोडतो, आणि 'हो, तेवढं एक बरं,' या उद्गाराने दुसरा प्रकरण मिटवतो. शास्त्रार्थाच्या भारतीय परंपरेत पूर्वपक्ष मांडून उत्तरपक्षाने त्याचे खंडन करावयाचे असते. येथे दोघेही पूर्वपक्षच असतात. गारठ्याच्या विधानावर 'छे, मला तर चांगलं ऊबदार वाटतंय' असे उत्तर देणारा मनुष्य हवेविषयी मतभेद व्यक्त करीत नाही, तो समोरच्याचा अपमान करतो, आणि त्याला पुढच्या वर्षीची हनुवटी मिळत नाही. दोघांपैकी कोणालाही या चार वाक्यांतून नवी माहिती मिळालेली नसते, कोणीही कोणाच्या घरादाराची चौकशी केलेली नसते, आणि म्हणूनच दोघेही समाधानाने आपापल्या फोनकडे वळू शकतात. क्वचित धाडस करून 'कसं चाललंय' असे विचारले गेलेच, तर त्याला 'नॉट टू बॅड' म्हणजे 'फारसं वाईट नाही' हे एकच उत्तर आहे, आणि ते मुतखड्यापासून बढतीपर्यंत सर्व प्रसंगांना सारखेच लागू पडते.

पानगळीतील विषयांचाही क्रम ठरलेला असतो. सप्टेंबरच्या आरंभी शाळा सुरू होतात आणि 'उन्हाळा संपलाच म्हणायचा' हे वाक्य, उन्हाळा आला होता की नाही याची चौकशी न करता, उच्चारले जाते. त्याच सुमारास दुकानांत नाताळचे मिन्सपाय, म्हणजे सुक्या मेव्याचे गोड सारण भरलेल्या लहान पेस्ट्री, मांडलेले दिसतात आणि दर वर्षी तितक्याच ताज्या आश्चर्याने 'आत्ताच!' असा उद्गार निघतो. त्यानंतर येतो तो घरातील हीटिंगचा प्रश्न, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण या गृहस्थाच्या नीतिशास्त्राचे ते मुख्य प्रकरण आहे.

ब्रिटनमधील बहुतेक घरे गॅसवर चालणाऱ्या बॉयलरने तापवलेले पाणी भिंतीलगतच्या रेडिएटरमधून फिरवून उबदार ठेवली जातात, आणि या व्यवस्थेचा पानगळीतील पहिला दिवस कोणता असावा हे ठरवण्यास कोणताही सरकारी नियम नाही. जेथे सरकारी नियम नसतो तेथे इंग्रज मनुष्य नैतिक नियम निर्माण करतो. 'हीटिंग लावलं का' हा प्रश्न ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून फलाटावर फिरू लागतो, आणि त्याचे सन्मान्य उत्तर 'अजून नाही' हेच आहे. जो जितका उशिरा लावील तितके त्याचे चारित्र्य थोर. 'आणखी एक स्वेटर घातला की झालं,' असे सांगणाऱ्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर एकादशीला पाणीही न घेणाऱ्याचे तेज दिसते. वीज आणि गॅस यांच्या घरगुती दरांवर ऑफजेम ही नियामक संस्था जी कमाल मर्यादा घालते, ती अलीकडे दर तीन महिन्यांनी बदलते आणि त्या बदलाची एक तारीख नेमकी १ ऑक्टोबर असते, त्यामुळे या तपश्चर्येला आता अर्थशास्त्राचाही आधार मिळाला आहे. परंतु खर्च हे कारण दुय्यम समजावे. ज्यांना बिलाची चिंता करण्याचे कारण नाही तेही उपास धरतात, आणि ज्यांना आहे ते बिचारे या विषयावर फारसे बोलत नाहीत. हीटिंग लावल्याची कबुली द्यावीच लागली तर तिला कारण जोडावे लागते: सासूबाई आल्या होत्या, कुत्रे म्हातारे झाले आहे, किंवा यंत्र चालते की नाही हे नुसते तपासून पाहिले. या तपासणीला कित्येक घरांत मार्चपर्यंत वेळ लागतो.

हीटिंगचा वाद मिटतो न मिटतो तोच ऑक्टोबरचा शेवटचा रविवार येतो आणि पहाटे दोन वाजता घड्याळे एक तास मागे घेतली जातात. वसंतात घड्याळ पुढे आणि पानगळीत मागे नेण्याच्या या व्यवस्थेचा ब्रिटनमधील खटपट्या पुरस्कर्ता विल्यम विलेट हा घरे बांधणारा व्यावसायिक होता. सकाळी घोड्यावरून रपेट करताना ऊन वर आले तरी लोकांच्या खिडक्यांचे पडदे ओढलेलेच दिसतात याचा त्याला संताप येई, आणि १९०७ मध्ये त्याने दिवसाच्या उजेडाच्या या अपव्ययावर स्वखर्चाने एक पुस्तिका काढली. १९१५ मध्ये तो निवर्तला आणि पुढच्याच वर्षी, युद्धकाळात इंधन वाचवावे म्हणून, ती कल्पना कायद्यात आली. लोकांनी लवकर उठावे म्हणून झटलेल्या या सद्गृहस्थाच्या नावे आज सात-बेचाळीसचा गृहस्थ वर्षातून एकदा 'एक तास जास्त झोप मिळाली' असे म्हणतो, हा इतिहासाचा न्याय म्हणावा लागेल. ही जास्तीची झोप रविवारी मिळालेली असते, पण तिचा उल्लेख सोमवारी केला जातो, मंगळवारी लगेच 'संध्याकाळी कार्यालयातून निघावं तर काळोख' ही तक्रार सुरू होते, आणि तीत तथ्य असते, कारण घड्याळ मागे गेल्यानंतर लंडनमध्ये पावणेपाचच्या आतबाहेर सूर्य मावळतो व पुढे तो आणखी लवकर मावळू लागतो. स्वयंपाकघरातील ओव्हनचे घड्याळ मात्र मागे घेण्याची युक्ती कोणालाच ठाऊक नसल्याने ते मार्चपर्यंत चुकीचे आणि मार्चनंतर आपोआप बरोबर चालते.

नोव्हेंबरच्या आरंभी ५ तारखेचे फटाके आणि त्यामुळे घाबरणारी कुत्री, त्यामागोमाग पहिल्या महायुद्धापासूनच्या युद्धांतील मृतांच्या स्मरणार्थ कोटावर लावण्याचे कागदी लाल पॉपीचे फूल आणि ते टाचणीसह कोठेतरी गळून पडण्याची तक्रार, असे लहानसहान विषय येऊन जातात. त्यांवर वेळ घालवण्याचे कारण नाही, कारण एव्हाना पानगळीचा खरा नायक रंगमंचावर आलेला असतो, आणि तो म्हणजे झाडाचे पान.

रुळांवर पाने पडल्यामुळे गाड्यांना उशीर होत आहे, ही घोषणा ब्रिटिश विनोदाच्या भांडवलापैकी एक मोठी रक्कम आहे. अनेक टनांची पोलादी गाडी एका वाळक्या पानाने अडावी ही कल्पना सात-बेचाळीसच्या गृहस्थाला इतकी प्रिय आहे की तिच्यामागचे शास्त्र कळू नये याची तो काळजी घेतो. शास्त्र मात्र अगदी सरळ आहे. आगगाडीचे चाक रुळाला जेथे टेकते ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी असते. ओली पाने तेथे चिरडली जाऊन त्यांचा एक काळसर, कडक आणि अत्यंत निसरडा थर रुळावर बसतो, त्यामुळे गाडीला वेग घेताना आणि त्याहून गंभीर म्हणजे थांबताना पकड मिळत नाही. शिवाय चाक आणि रूळ यांच्यामध्ये हा थर आल्याने विजेच्या मंडलावरून गाडी कोठे आहे हे ओळखणारी सिग्नलयंत्रणाही फसू शकते. शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की पानांतील टॅनिन हे तुरट द्रव्य पाण्यात उतरून रुळातील लोहाशी संयोग पावते आणि त्यातून हा काळा थर तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून जुन्या काळी जी शाई करीत, तिच्यातही टॅनिन आणि लोह हीच जोडी काम करते. तेव्हा दर पानगळीत ब्रिटनच्या लोहमार्गांवर निसर्ग शाई सांडून ठेवतो आणि तिच्याविषयीच्या तक्रारी लिहिण्याचे काम तेवढे प्रवाशांकडे राहते, असे म्हटले तर रसायनशास्त्राची फार हेळसांड होणार नाही.

हे संकट पूर्वी इतके नव्हते, आणि ही एक गोष्ट गृहस्थ अचूक सांगतो, कारण 'पूर्वी असं नव्हतं' हे त्याचे कोणत्याही विषयावरील मत असते. वाफेच्या इंजिनांतून उडणाऱ्या ठिणग्यांनी वणवा लागू नये म्हणून मार्गाच्या दोन्ही बाजूंची झाडेझुडपे तेव्हा नेमाने छाटली जात. १९६८ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेवरील नेहमीची वाफेची वाहतूक संपली, ठिणग्या गेल्या, छाटणी मंदावली आणि उतारांवर रान माजले. आता रुळांची मालकी असलेली नेटवर्क रेल ही सार्वजनिक संस्था पानगळीत खास गाड्या फिरवते. त्यांतून सुमारे १५०० बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दीड हजार पट दाबाने पाणी मारून रूळ खरवडले जातात आणि वर वाळूमिश्रित चिकट लेप दिला जातो. काही मार्गांवर तर पानगळीचे स्वतंत्र वेळापत्रक लागू होते आणि गाड्या स्थानकातून एकदोन मिनिटे आधी सोडल्या जातात. बाहेरच्या माणसाला हे एकदोन मिनिटांचे प्रकरण क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याने आपले व्यक्तिमत्त्वच सात-बेचाळीस या आकड्यावर उभे केले आहे, त्याला एके सकाळी आपण सात-चाळीसचे झालो आहोत हे कळले म्हणजे काय वाटत असेल, याची कल्पना नामांतराच्या चळवळी पाहिलेल्या मराठी वाचकाला करून देण्याची गरज नाही. पहिल्या दिवशी त्याची गाडी चुकते, आणि आयुष्यात प्रथमच गाडी वेळेआधी गेल्याची तक्रार करण्याचा दुर्मीळ आनंद त्याला लाभतो.

पानांच्या जोडीला इतर कारणांचाही एक संग्रह त्याने जपलेला असतो. १९९१ च्या फेब्रुवारीत गाड्या खोळंबल्या, तेव्हा ब्रिटिश रेलच्या अधिकाऱ्याने पडलेला बर्फ नेहमीच्या ओलसर बर्फाहून वेगळा, भुसभुशीत असल्याने तो विजेच्या मोटारींत शिरतो असे स्पष्टीकरण दिले. ते तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखे होते, पण वृत्तपत्रांनी त्याचा 'चुकीच्या प्रकारचा बर्फ' असा मथळा केला आणि तो वाक्प्रचार कायमचा रूढ झाला. २०१६ च्या जानेवारीत आग्नेय लंडनमधील लुईशॅम येथे गाड्यांच्या उशिराचे कारण म्हणून प्रखर सूर्यप्रकाश सांगण्यात आला. क्षितिजालगतच्या सूर्याची तिरीप डोळ्यांवर आल्याने चालकाला फलाट दाखवणारे पडदे दिसत नव्हते. वादळांना तर २०१५ पासून हवामान खाते आयरिश खात्याच्या सहकार्याने माणसांची नावे देते, त्यांतले पहिले ॲबिगेल, त्यामुळे आता उशिराचे खापर नावानिशी फोडता येते. पावसाने मार्ग पाण्याखाली जातात, भिजलेले भराव खचतात. पृथ्वी, आप, तेज आणि वायू अशी चार महाभूते ब्रिटिश रेल्वेच्या विरोधात उभी राहिली असून आकाशाची भूमिका तेवढी अद्याप स्पष्ट झालेली नाही. यांतील वायूचा पराक्रम सांगण्याचा मान सेव्हनोक्सच्या ज्येष्ठ प्रवाशांकडे जातो. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये १५ व १६ तारखांमधल्या रात्री दक्षिण इंग्लंडवर आलेल्या वादळात सुमारे दीड कोटी झाडे पडली, ज्या सात ओक वृक्षांमुळे गावाचे नाव सार्थ ठरत होते त्यांतील सहा उन्मळले, आणि आदल्या दिवशी दूरचित्रवाणीवर प्रेक्षकांना निर्धास्त करणारे हवामान निवेदक मायकेल फिश हे आपली सारी कारकीर्द विसरली जाऊन त्या एका निवेदनासाठी लक्षात राहिले. 'त्या रात्री मी झोपूनच होतो,' असे ज्येष्ठ प्रवासी सांगतो, आणि ऐकणारा ते शौर्यच आहे अशी मान हलवतो.

गाडी दोन स्थानकांच्या मध्ये थांबली म्हणजे या गृहस्थाचे समाजजीवन सुरू होते. प्रथम नुसती शांतता असते. मग कोणीतरी उसासा सोडतो, तो व्यक्तिगत असल्याचे भासवतो, पण डब्याने ऐकावा इतका मोठा असतो. नंतर मनगटावरील घड्याळे पाहिली जातात, भुवया एकमेकींना भेटतात, आणि अखेर कोणाच्या तरी तोंडून 'टिपिकल' हा शब्द बाहेर पडतो. 'यांच्याकडून दुसरी कसली अपेक्षा' हा सारा भाव त्या एका शब्दात सामावलेला असतो आणि तो उच्चारला जाताच वर्षभर अबोल असलेली माणसे एकमेकांना मागील वर्षांतील विलंबांच्या कथा सांगू लागतात. ध्वनिमुद्रित आवाज दिलगिरी व्यक्त करतो, तेव्हा दिलगिरीला उत्तर देण्याची सवय अंगी मुरलेली असल्याने एखाद्याच्या तोंडून पुटपुटत 'असू दे' असेही निघून जाते. या प्रसंगात राग मात्र नसतो. राग आला असता तर त्याने कोणाला तरी जाब विचारला असता. त्याला जाब नको असतो, साक्षीदार हवा असतो.

येथे नुकसानभरपाईचा एक बारीक मुद्दा येतो. 'डिले रिपे' या योजनेनुसार अनेक मार्गांवर १५ मिनिटे किंवा त्याहून अधिक उशीर झाल्यास एकेरी भाड्याचा चौथा हिस्सा आणि अर्धा तास उलटल्यास निम्मे भाडे परत मिळते. परिणामी, गाडी १० मिनिटे उशिरा धावत असते तोवर हा गृहस्थ चालकाने वेग घ्यावा अशी इच्छा धरतो, १२व्या मिनिटाला त्याच्या निष्ठा डळमळू लागतात, आणि १३व्या मिनिटानंतर एखादा सिग्नल लाल राहावा अशी तो मनोमन प्रार्थना करतो. १४व्या मिनिटाला गाडी फलाटाला लागली तर तिने जाणूनबुजून घात केला असे त्याला वाटते. बीबीसीवर १९७६ मध्ये सुरू झालेल्या 'द फॉल अँड राइझ ऑफ रेजिनाल्ड पेरिन' या विनोदी मालिकेतील नायक सुरुवातीला रोज ११ मिनिटे उशिरा कार्यालयात येऊन रेल्वेचे नवनवे कारण सांगे. आजचे नियम पाहता त्या ११ मिनिटांसाठी बिचाऱ्याला छदामही मिळाला नसता.

थांबलेली गाडी हलताच हे समाजजीवन संपते. वाक्य अर्धवट असले तरी चालते. किंबहुना ते अर्धवट सोडण्यातच सभ्यता मानली जाते. गाडी सुरू झाल्यावरही जो बोलत राहतो त्याच्याविषयी डब्यात अशी शंका पसरते की हा एकतर मद्यपी असावा किंवा उत्तर इंग्लंडमधून आलेला असावा. २०१६ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत एका अमेरिकन रहिवाशाने गप्पांना तयार असलेल्या प्रवाशांनी लावावेत म्हणून बिल्ले वाटले, तेव्हा शहरात जी घबराट उडाली ती पाहता त्याने उंदीर सोडले असते तर बरे, असे पुष्कळांना वाटले असावे.

या जगात मराठी मनुष्याचा प्रवेश झाला म्हणजे दोन रेल्वे-संस्कृतींची गाठ पडते. बोरीबंदर ते ठाणे ही १६ एप्रिल १८५३ रोजी धावलेली गाडी ब्रिटिश कंपनीचीच होती, परंतु तिच्या वारसदार मुंबई लोकलने यंत्र घेतले आणि मौन नाकारले. लोकलच्या डब्यात भजनी मंडळे आहेत, महिलांच्या डब्यात हळदीकुंकू होते, भाज्या निवडल्या जातात, आणि नेमक्या ब्रिटिश पानगळीच्या दिवसांत, दसऱ्याच्या सुमारास, नेहमीचे प्रवासी डब्याला झेंडूची तोरणे बांधून त्याची पूजा करतात. तेथे वाढलेला तरुण संगणकाच्या नोकरीनिमित्त स्लाव किंवा रेडिंगला राहावयास आला आणि गाडीत उभे राहावे लागताच बसलेल्या इंग्रजाला त्याने सवयीने 'कुठं उतरणार' या अर्थाचा प्रश्न केला, तर तो सीट आपल्यासाठी राखून ठेवण्याचा निरुपद्रवी सौदा आहे हे त्या इंग्रजाला कळण्याचा मार्गच नसतो. आपल्यावर पाळत ठेवली जात आहे असे समजून तो एक स्थानक आधीच उतरतो, आणि सीट मिळते. प्रश्नाचा हेतू तेवढ्यापुरता साध्य झाला तरी पद्धत चुकीची आहे हे तरुणाच्या लवकरच ध्यानात येते. पाचसहा पानगळी उलटल्या की त्याचीही हनुवटी किंचित खाली जाऊ लागते. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळात दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत तो चकलीचा तुकडा मोडत, अस्सल मराठीत, 'आम्ही अजून हीटिंग लावलेलं नाही' असे सांगताना आढळला, तर त्याचे नागरिकत्व पूर्ण झाले असे समजण्यास हरकत नाही, गृहखात्याचे पत्र नंतर का येईना.

महासाथीनंतर या गृहस्थाच्या जीवनक्रमात एक बदल झाला असून तो नोंदवणे भाग आहे. पूर्वी तो आठवड्याचे पाचही दिवस फलाटावर असे. आता घरून काम करण्याची मुभा मिळाल्याने तो बहुधा मंगळवार ते गुरुवार या दिवसांतच दिसतो. २०२१ च्या जूनमध्ये इंग्लंडमध्ये २८ दिवसांत कोणतेही आठ दिवस प्रवास करू देणारा लवचीक पास निघाला, आणि वर्षाचा पास खिशात बाळगणारा जुना प्रवासी या पासधारकांकडे वारकऱ्याने पंढरपूरला मोटारीने जाणाऱ्याकडे पाहावे तसा पाहू लागला. संभाषणावर याचा परिणाम असा झाला की पाच दिवसांचा गारठा तीन दिवसांत संपवावा लागतो. मंगळवारी तर सोमवारच्या हवेचाही हिशेब द्यावा लागतो, आणि सोमवारी दोघेही घरीच असल्याने तो आपापल्या खिडकीतून पाहिलेल्या हवेवर आधारलेला असतो, म्हणजे त्यात मतभेदाला जागा निर्माण होते. घरून काम करण्याच्या दिवशी संगणकावरील बैठकीतही पहिली तीन मिनिटे पावसालाच दिली जातात, परंतु तेथे एकमेकांची नावे चेहऱ्यांखाली लिहिलेली असल्याने तो संवाद फलाटावरील संवादाच्या तोडीचा होत नाही.

डिसेंबरचा मध्य आला म्हणजे झाडांवर पाने उरत नाहीत आणि पाणी मारणाऱ्या गाड्या यार्डात परततात. पानांचे कारण हातचे गेल्याने दोनचार दिवस संभाषणात एक पोकळी जाणवते. ती भरून काढण्यासाठी 'नाताळची सगळी तयारी झाली का' हा प्रश्न तोवर फलाटावर येऊन दाखल झालेला असतो. याला 'जवळजवळ' हे एकच उत्तर संमत आहे, आणि ज्याने अद्याप एकही भेटवस्तू विकत घेतलेली नाही, ज्याच्या घरी अठरा पाहुणे येणार आहेत आणि ज्याचा ओव्हन घड्याळाबरोबरच बिघडला आहे, तोही तेच देतो.